अडतीस हजारांची कूपे छत्तीसशे डॉलरला : एका लिंकन मार्क एटचा प्रकरण अभ्यास

१९९७ साली लिंकन मार्क एट, म्हणजे फोर्डच्या लिंकन या लक्झरी ब्रँडची कूपे, शोरूममधून घरी न्यायची तर साधारण अडतीस हजार डॉलर मोजावे लागत. महागाई धरली तर आजचे पंचाहत्तर हजारांच्या आसपास. त्याच सालची, चालती, कागदपत्रं स्वच्छ असलेली एक मार्क एट २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मिशिगनमधल्या नोव्हायजवळ छत्तीसशे डॉलरला विकली गेली. घेणारा माझ्याच विभागातला, मूळचा नाशिकचा तरुण इंजिनिअर. गाडी बघायला मी त्याच्याबरोबर होतो आणि पुढच्या दुरुस्त्यांमध्येही माझे हात काळे झाले. व्यवहार छोटासाच, पण या जातीच्या गाड्यांचं सगळं गणित त्यात उघडं दिसतं, म्हणून तो सविस्तर मांडतो.

आधी जात समजून घेऊ. कूपे म्हणजे दोन दारांची गाडी. लांबलचक बॉनेट, पुढे मोठं व्ही-एट (आठ सिलिंडरचं) इंजिन, आत चार माणसांपुरती जागा आणि त्यातली खरी ऐसपैस फक्त पुढच्या दोघांना. ही गाडी कुटुंबासाठी नव्हतीच. ज्याची घडी बसली आहे, ज्याला शर्यत लावायची नाही पण रस्त्यावर रुबाब हवा आहे, अशा माणसाने स्वतःसाठी घ्यायची ही गाडी. १९५६ ची कॉन्टिनेंटल मार्क टू दहा हजार डॉलरच्या घरात होती. तेव्हा तेवढ्या पैशांत साध्या गाड्या चार-पाच आल्या असत्या. १९५८ ला फोर्डने थंडरबर्ड चार सीटांची केली आणि हा प्रकार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला. १९६३ ला ब्यूइक रिव्हिएरा आली, १९६७ ला पुढच्या चाकांवर चालणारी कॅडिलॅक एल्डोराडो, पाठोपाठ मार्क थ्री. सत्तरच्या दशकात हा थाट शिगेला पोचला. १९७७ ते ७९ ची मार्क फाइव्ह पाच मीटर ऐंशी सेंटिमीटरपेक्षाही लांब होती, आणि दारं दोनच!

मार्क एट ही लिंकनच्या मार्क कूपेंच्या घराण्यातली शेवटची. १९९३ ते १९९८ अशी सहा मॉडेल वर्षं ती निघाली. पहिल्या वर्षी तीस हजारांवर गाड्या बनल्या, शेवटच्या वर्षी त्याच्या निम्म्याही नाहीत. तिचा कारखाना होता विक्सममध्ये, म्हणजे जिथे आज आपली शेकडो मराठी कुटुंबं राहतात त्या नोव्हायच्या अगदी लगत, आय-९६ महामार्गाला लागून. १९५७ साली सुरू झालेला तो कारखाना २००७ च्या मे महिन्यात बंद पडला आणि नंतर पाडला गेला. ही गाडी जिथे तयार झाली तिथून काही मैलांवरच ती पुन्हा विकली गेली, याचं मला अप्रूप वाटतं.

गाडीत होतं काय? ४.६ लिटरचं पूर्ण अॅल्युमिनियमचं व्ही-एट इंजिन, चार कॅमशाफ्ट, बत्तीस व्हॉल्व्ह, २८० अश्वशक्ती. फोर्डच्या या चार-व्हॉल्व्ह इंजिनाचा जन्मच मार्क एटमध्ये झाला. त्याचीच पुढची, जास्त ताकदीची आवृत्ती १९९६ च्या मस्टँग कोब्रात बसली. ताकद मागच्या चाकांना, मागचं सस्पेन्शन स्वतंत्र. हे दुसरं विशेष आहे, कारण मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक अमेरिकन गाड्यांना तेव्हा अखंड अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा, असे. चारही चाकांना स्टीलच्या स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्या. ताशी पंचावन्न मैलांच्या पुढे गेलं की संगणक गाडीला साधारण दोन सेंटिमीटर खाली बसवतो, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी. लांबी ५.२६ मीटर. आपल्याकडच्या टोयोटा फॉर्च्युनरपेक्षा जवळपास अर्धा मीटर जास्त, आणि वजन सतराशे किलो.

आता ती विशिष्ट गाडी.

मालक निवृत्त गृहस्थ, गाडीचे दुसरे मालक. रंग गडद हिरवा, आतलं चामडं फिकट. मैल एक लाख बारा हजार. मागितलेली किंमत बेचाळीसशे. त्यांनी फोनवरच सांगून टाकलं होतं की रात्रभर उभी राहिली की गाडी मागून खाली बसते आणि सकाळी चालू केल्यावर हळूहळू उठते. मला हे ऐकून हायसं वाटलं. जो विकणारा दोष आधीच सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर निम्मा विश्वास तिथेच बसतो.

जुनी लक्झरी गाडी बघायला जाताना गाडी थंड असलेली बरी. आम्ही तसं आधीच सांगून ठेवलं होतं. पोचलो तेव्हा मागची चाकं मडगार्डमध्ये जवळजवळ शिरलेली होती. किल्ली फिरवल्यावर पुढून कॉम्प्रेसरचा घरघराट सुरू झाला आणि मागचा भाग सावकाश वर आला. सावकाश म्हणजे फारच सावकाश, आणि नेमकी तीच गोष्ट महत्त्वाची. पिशवी गळते म्हणून कॉम्प्रेसरला सारखं पळावं लागतं, सारखं पळून तो थकतो, आणि एक दिवस जळतो. पिशवी स्वस्त आहे. ती वेळेवर न बदलल्याने जे पुढे जातं ते महाग आहे. घरगुती पाणीपुरवठ्याच्या पंपाचंही असंच असतं : गळका नळ कोणी बदलत नाही आणि मग मोटर जळते.

साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली मी सोबत नेली होती. मागच्या डाव्या पिशवीच्या खालच्या घडीवर पाणी मारताच बारीक बुडबुडे उठले. रबराला सव्वीस वर्षं झाल्यावर घडीच्या जागी चिरा पडणारच, त्यात कोणाचा दोष नाही. उजव्या पिशवीवरही चिरा होत्या, फक्त अजून गळत नव्हत्या. पुढचे दोन्ही एअर स्ट्रट (हवेची पिशवी आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेले खांब) कोरडे निघाले. ते मागच्यांपेक्षा महाग असतात, त्यामुळे ही मोठी जमेची बाजू.

मग गंज. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीला खालून खात जातं. मोबाइलचा टॉर्च घेऊन आम्ही दोघं आळीपाळीने गाडीखाली शिरलो. दारांखालच्या पट्ट्या शाबूत, मागच्या सस्पेन्शनची चौकट वरवर तांबूस पण हातोडीने ठोकल्यावर आवाज घट्ट. ब्रेकच्या लोखंडी नळ्या मात्र मागच्या बाजूला सालं निघाल्यासारख्या झालेल्या. आजच फुटतील अशा नव्हत्या, पण पुढचा हिवाळा त्यांच्यावर काढू नये. हीच गाडी अॅरिझोनात असती तर हा मुद्दा आलाच नसता, उलट तिथल्या उन्हाने आतलं प्लॅस्टिक तडकलेलं असतं.

चालवून बघताना माझं सगळं लक्ष एका गोष्टीकडे होतं. या गाडीच्या चार-स्पीड ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची एक ठरलेली खोड आहे : ताशी चाळीस-पंचेचाळीस मैलांवर, पाय हलका ठेवून, वरच्या गिअरमध्ये जाताना क्षणभर अशी थरथर येते की रस्त्याकडेच्या खडबडीत पट्टीवरून चाक गेल्यासारखं वाटावं. अनोळखी माणसाला वाटतं गिअरबॉक्स गेला. बहुतेक वेळा तो गेलेला नसतो; टॉर्क कन्व्हर्टरमधला (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या भागातला) क्लच जुन्या तेलामुळे नीट पकडत नाही, इतकंच. तेल पूर्ण बदललं की पुष्कळदा थरथर थांबते. आमच्या गाडीत ती होती. घासाघिशीत हा मुद्दा आम्ही प्रामाणिकपणे मांडला : बरा झाला तर दीडशे डॉलरचा प्रश्न, नाही झाला तर हजार-दोन हजारांचा, आणि ही जोखीम घेणाऱ्याच्या माथी आहे. मालकांनी ते मानलं. बेचाळीसशेचे छत्तीसशे झाले ते मुख्यतः इथे.

इंजिनाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कारण ते उत्तम होतं. आवाज नाही, धूर नाही, तेल स्वच्छ. नियमित तेल बदललेली ही इंजिनं दोन लाख मैलांच्या पुढे आरामात जातात. या गाडीचं तेच सगळ्यांत मोठं भांडवल आहे, आणि तिचा घातही त्यानेच केला : इंजिन काढून मस्टँगमध्ये किंवा हॉट रॉडमध्ये, म्हणजे ताकद वाढवलेल्या जुन्या गाडीत, बसवायला किती तरी मार्क एट भंगारात निघाल्या.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. इतकं चांगलं इंजिन, इतकी सुविधा, मग किंमत अशी का कोसळली?

पहिलं कारण सरळ आहे. दोन दारांची मोठी गाडी ही एका पिढीची आवड होती आणि ती पिढी पुढे सरकली. १९९७ मध्येच लिंकनने नॅव्हिगेटर ही एसयूव्ही आणली. ज्याला आपण सुस्थितीत आहोत हे दाखवायचं होतं, त्याच्या दारात आता उंच, चार दारांची, सात माणसांची गाडी उभी राहू लागली. त्याच वर्षी थंडरबर्ड आणि मर्क्युरी कूगर बंद झाल्या, १९९८ ला मार्क एट, १९९९ ला रिव्हिएरा, २००२ ला एल्डोराडो. पाच वर्षांत अख्खी जात संपली. जी गोष्ट कारखान्यानेच सोडून दिली, तिला दुय्यम बाजारात भाव राहत नाही.

दुसरं कारण जास्त मोलाचं आहे, आणि माझ्या मते तेच या प्रकरणाचं सार आहे. गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची किंमत तिच्याबरोबर उतरत नाही. अडतीस हजारांच्या गाडीत जी यंत्रणा बसवली होती, ती छत्तीसशेला विकली गेली तरी तितकीच गुंतागुंतीची राहते. तिसरा-चौथा मालक बहुधा असा असतो की त्याच्याकडे छत्तीसशेच आहेत. पहिली मोठी दुरुस्ती आली की तो हात वर करतो, गाडी अंगणात उभी राहते, आणि पुढच्याला ती त्याहून पडेल भावात जाते. त्यातून त्या मॉडेलची बदनामी होते आणि चांगल्या गाड्यांचेही भाव पडतात. म्हणजे बाजाराने शिक्षा दिली ती दारांच्या संख्येला आणि गरीब मालकाच्या हलगर्जीला, यंत्राला नव्हे. ज्याला हा फरक ओळखता येतो त्याच्यासाठी इथे खरोखर मोल दडलेलं आहे.

याचा पडताळा शेजारच्या उदाहरणात मिळतो. त्याच काळातली लेक्सस एससी-४०० : तीही दोन दारांची, तीही व्ही-एट, मागच्या चाकांवर चालणारी, सुरुवातीला २५० अश्वशक्तीची, म्हणजे मार्क एटपेक्षा कमीच. आज तिचा भाव मार्क एटपेक्षा बराच वर आहे. तिची घडण आणि टिकाऊपणा वरचढ होता, हे मी मान्य करतो. पण भावातला सगळा फरक टिकाऊपणाचा नाही. जपानी गाड्यांवर प्रेम करणारी एक तरुण पिढी तिच्या मागे उभी राहिली. मार्क एटच्या मागे अशी कोणतीच पिढी उभी राहिली नाही, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

आमच्या तरुण मित्राने निर्णय घेण्याआधी दोन अमेरिकन पर्यायही तपासले होते. नव्वदच्या दशकातली कॅडिलॅक एल्डोराडो दिसायला देखणी आणि भाव तसाच कमी. पण तिच्या नॉर्थस्टार व्ही-एट इंजिनाची अडचण सर्वांना माहीत आहे : हेडचे बोल्ट अॅल्युमिनियमच्या ब्लॉकमधल्या आट्यांतून सुटतात, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) जातं आणि दुरुस्तीसाठी इंजिन खाली उतरवून प्रत्येक बोल्टाला नव्या आट्या बसवाव्या लागतात. ते काम गाडीच्या किमतीएवढं जातं. ज्या गाडीवर ते काम नीट झालेलं आहे आणि पावती आहे तीच घ्यावी, एरवी लांबून नमस्कार. १९९५ ते ९९ ची ब्यूइक रिव्हिएरा हा शहाण्या माणसाचा पर्याय. तिच्यात सुपरचार्जर लावलेलं ३.८ लिटरचं व्ही-सिक्स, १९९६ पासून २४० अश्वशक्तीचं, आणि ते इंजिन दणकट म्हणून प्रसिद्ध आहे. साधं स्टील स्प्रिंगचं सस्पेन्शन हवं असेल तर मी तिचीच शिफारस करतो. पण ती पुढच्या चाकांवर चालते, आणि आमच्या मित्राचा जीव मागच्या चाकांच्या व्ही-एटमध्ये अडकला होता. त्याचे पैसे, त्याची हौस. मी त्याच्या आड आलो नाही.

व्यवहाराआधी घरी एक सभा झाली. त्याच्या बायकोने विचारलं, "अहो, बाळाची सीट मागे बसवायची कशी? ते दार उघडायलाच दीड पार्किंग लागतं." ती शंभर टक्के बरोबर होती. अमेरिकेत लहान मुलांच्या सीटसाठी मागच्या बैठकीत कड्या असणं सप्टेंबर २००२ पासून सक्तीचं झालं. १९९७ च्या गाडीत त्या नाहीत, सीट पट्ट्यानेच बांधावी लागते. एअरबॅग फक्त पुढच्या दोन. घसरताना गाडी सावरणारी स्टॅबिलिटी कंट्रोलची यंत्रणा नाही. म्हणून ठरलं ते असं : घरची चार दारांची गाडी तशीच राहील, बाळ तिच्यातच बसेल, आणि लिंकन ही त्याची कामावर जायची आणि शनिवार-रविवारची गाडी. पहिलीच आणि एकुलती गाडी म्हणून कोणी मला मार्क एटबद्दल विचारलं तर मी नाही म्हणतो, आणि त्यावर वाद घालत नाही.

दुरुस्त्यांतल्या मागच्या हवेच्या पिशव्यांवर थोडं थांबतो, कारण बहुतेक लोक इथेच गांगरतात आणि पिशव्या काढून स्टीलच्या स्प्रिंग बसवून मोकळे होतात. तसं केलं तर गाडी चालते, पण वेगात खाली बसणं जातं, चाल आखडते, आणि ज्यासाठी ही गाडी घ्यायची तेच निघून जातं. नव्या पिशव्या बसवणं घरच्या गॅरेजमध्ये होतं. डिकीत एअर सस्पेन्शनचा एक स्विच असतो. जॅक लावण्याआधी तो बंद करायचा, नाहीतर गाडी उचलल्यावर संगणक आपल्या परीने उंची जुळवायला जातो आणि अपघात ओढवतो. गाडी चौकटीवर उचलून चाक लोंबकळतं ठेवायचं. पिशवीच्या टोकाला एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडझाप होणारी झडप, असतो. त्याची क्लिप काढून तो पहिल्या थांब्यापर्यंत फिरवायचा, आतली हवा पूर्ण निघू द्यायची, आणि मगच दुसऱ्या थांब्याला नेऊन बाहेर ओढायचा. घाई केली तर तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटेल, म्हणूनच त्याला दोन थांबे ठेवले आहेत. व्हॉल्व्हवरच्या रबरी रिंगा त्याच वेळी बदलायच्या. नवी पिशवी बसवल्यावर तिच्यात हवा भरेपर्यंत गाडीचं वजन तिच्यावर येऊ द्यायचं नाही, कारण घडी वेडीवाकडी पडली तर नवं रबर तिथेच फाटतं. इतकं सांभाळलं की झालं. काम संपवून स्विच चालू केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागची उंची फूटपट्टीने मोजली, तर आदल्या रात्रीची आणि सकाळची जुळली.

कॉम्प्रेसर आणि त्याचा रिले (त्याला वीज जोडणारा स्विच) आम्ही न जळताच बदलला. तो कधी तरी जाणारच होता, आणि मिशिगनच्या जानेवारीत उणे पंधरात ते काम करण्यापेक्षा ऑक्टोबरमध्ये केलेलं बरं. गिअरबॉक्सचं तेल पूर्ण बदललं. या गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरलाही तेल काढायचा बोल्ट आहे, त्यामुळे आतलं जुनं तेलही निघतं. पुष्कळ गॅरेजवाले नुसतं खालच्या ट्रेमधलं तेल काढतात आणि निम्मं जुनं आत राहतं. नव्या तेलावर थोडी गाडी पळाल्यावर थरथर गेली ती आजवर आली नाही.

आता रोकड हिशेब. गाडी ३,६००. मिशिगनचा सहा टक्के विक्रीकर २१६. मागच्या दोन पिशव्या आणि रिंगा २६०. कॉम्प्रेसर व रिले २१०. गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर १४०. स्पार्क प्लग वगैरे किरकोळ १२०. चार टायर ४८०. ब्रेकच्या नळ्या गॅरेजमध्ये करून घेतल्या, कारण ब्रेकच्या बाबतीत घरगुती प्रयोग मला मान्य नाहीत : ३५०. एकूण ५,३७६ डॉलर. त्याने सहा हजारांची मर्यादा घातली होती, तिच्या आत बसलं. पण लक्षात घ्या, वरखर्च गाडीच्या किमतीच्या जवळपास निम्मा झाला, तोही मजुरी बहुतेक आमचीच असताना. सगळं काम बाहेर दिलं असतं तर हा आकडा सहज सात हजारांवर गेला असता. म्हणून मी म्हणतो, खिशात छत्तीसशे असतील तर चोवीसशेची गाडी बघा आणि उरलेले बाजूला ठेवा.

टायरचा आकडा वाचून कोणाला शंका येईल. १६ इंची, २२५/६० मापाचे टायर इथे कुठेही आणि स्वस्त मिळतात; एकेकाळी पोलिसांच्या क्राउन व्हिक्टोरियाला हेच माप असे. आजच्या लक्झरी गाड्यांच्या वीस-एकवीस इंची टायरचा एक नग घ्यायला जा म्हणजे फरक कळेल. सुट्या भागांचंही असंच. ब्रेक, सस्पेन्शनचे बुश आणि दांडे थंडरबर्ड-कूगरचे चालतात, गिअरबॉक्स क्राउन व्हिक्टोरिया आणि टाउन कारच्या घराण्यातला. हे सगळं लाखोंनी बनलं, त्यामुळे दुकानात मिळतं. अडतं ते फक्त मार्क एटचं जे स्वतःचं आहे त्यात. १९९७ ला मागे गाडीच्या रुंदीभर निऑनची नळी बसवली, ब्रेक दाबला की सलग लाल पट्टा उजळतो. ती गेली तर नवी मिळत नाही, भंगारवाल्यांकडे शोधावी लागते. हेडलाइटही एचआयडी प्रकारचे, म्हणजे तारेऐवजी वायूत ठिणगी पेटवून उजेड देणारे. अमेरिकन गाड्यांमध्ये ते आधी याच घराण्यात आले. त्यांचा बॅलास्ट (दिव्याला वीज पुरवणारा डबा) महाग आणि काचेमागचं परावर्तक कालांतराने मंदावतं. तेव्हा या गाडीत इंजिनापेक्षा दिवे जास्त काळजीने तपासा. ऐकायला विचित्र वाटेल, पण हाच अनुभव आहे.

पेट्रोल हायवेला गॅलनमागे चोवीस-पंचवीस मैल, म्हणजे लिटरला साडेदहा किलोमीटरच्या घरात, गावात सात. तेही महागडं प्रीमियम. विमा मिशिगनमध्ये सगळ्यांनाच जड जातो, इथे तो गाडीच्या किमतीमुळे निदान सर्वंकष घ्यावा लागला नाही. सव्वीस वर्षांची गाडी म्हणून ऐतिहासिक नंबर प्लेट मिळू शकत होती, ती स्वस्तही असते. पण त्या प्लेटवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. संमेलनं, मिरवणुका आणि ऑगस्ट महिना एवढीच मोकळीक. म्हणून साधी प्लेट घेतली.

पुण्या-नाशिकहून नातेवाइकांचा एक प्रश्न हमखास येतो : परत येताना ही भारतात आणता येईल का? नाही. भारताच्या नियमांनुसार वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजवीकडे असावं. ही दोन्हींत बसत नाही. या गाडीचं आयुष्य इथलंच.

मग एवढं सगळं करून त्याला मिळालं काय? हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर घसारा जवळजवळ शून्य. नव्या गाडीची अमेरिकेतली सरासरी किंमत २०२३ मध्ये अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास होती आणि पहिल्याच वर्षात त्यातले हजारो डॉलर हवेत जातात. ही गाडी जेवढी उतरायची तेवढी केव्हाच उतरली. पण कोणी फक्त हिशेबासाठी मार्क एट घेत असेल तर त्याने कोरोलाच घ्यावी, तिचा हिशेब आणखी चांगला आहे.

खरी गोष्ट गाडी चालवताना कळते. आय-९६ वर ग्रँड रॅपिड्सच्या दिशेने निघालं आणि वेग पंचावन्नच्या पुढे गेला की गाडी किंचित खाली बसते. स्टिअरिंगवर काही जाणवत नाही, पण वाऱ्याचा आवाज बदलतो. डॅशबोर्ड सलग वळसा घेऊन दारात उतरतो, त्यामुळे चालवणारा आपल्या खोलीत बसल्यासारखा बसतो. दारावरच्या बटणांवर आकडा टाकून कुलूप उघडतं, किल्ली खिशातच राहते. सत्तर मैलांवर इंजिन दोन हजार फेऱ्यांच्याही खाली असतं आणि पाय टेकवला की ट्रक ओलांडायला गिअर शोधावा लागत नाही. लांब पल्ल्यावर थकवा येत नाही हे तर आहेच. त्याहून मोठं म्हणजे अशी गाडी आज कोणी बनवत नाही, कितीही पैसे दिले तरी. आजची महाग कूपे घट्ट, कडक आणि शर्यतीच्या तयारीतली असते. सैल हाताने, मऊ, वेगवान आणि शांत असं चारही एकत्र देणारी गाडी नव्वदच्या दशकाबरोबर संपली. ही चीज छत्तीसशेत हाती लागू शकते, हे सांगण्यासाठीच मी एवढं लिहिलं.

वर्षभरात गाडीने त्याला एकदाही रस्त्यात सोडलं नाही. मध्ये एकदा उजव्या खिडकीची काच अडकली, ती शनिवारी दार उघडून सुटली. ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला, डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, तो ती घेऊन गेला. तिथे साठच्या दशकातल्या झगमगीत मस्टँग-कॅमेरोंच्या गर्दीत एका माणसाने थांबून बॉनेट उघडायला सांगितलं आणि जागेवरच पाच हजार देऊ केले. आमच्या मित्राने नाही म्हटलं. पुढच्या दोन एअर स्ट्रटसाठी तो आता दर महिन्याला पन्नास डॉलर बाजूला टाकतोय, आणि ओहायोतल्या एका भंगारवाल्याकडे मागची निऑन नळी शिल्लक आहे असं कळल्यावर तिच्याही मागे लागलाय.